गाणं विहिरीत का गेलं?

मैत्रिणींनो, घरातलं वडीलधारं माणूस एकच तक्रार पुन्हा पुन्हा करू लागलं, की आपण काय करतो? पहिल्यांदा ऐकून घेतो. दुसऱ्यांदा 'हो हो' म्हणतो. आणि तिसऱ्यांदा मनातल्या मनात म्हणतो, 'आता वय झालं!' मीही तेच केलं. त्याची मला अजून लाज वाटते, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

गोष्ट आमच्या दारव्ह्याच्या घरातली, रामनवमीच्या दिवशीची. पाळण्याची तयारी झाली होती, सुंठवडा झाला होता. आमच्याकडे या दिवशी सकाळी गीतरामायण लागलंच पाहिजे, असा सासूबाईंचा नेम. पूर्वी कॅसेट होत्या. त्यांच्या फिती ताणल्या, बुरशी धरली, तेव्हापासून गाणी कॉम्प्युटरवर आली. हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर तो आहे. ह्यांचे हिशेब, मुलांचा अभ्यास, माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्यावरच होतं. दोन छोटे स्पीकर आणि खाली एक मोठा डबा.

गीतरामायणाशी सासूबाईंचं नातं जरा वेगळं आहे. १ एप्रिल १९५५, त्या दिवशी रामनवमीच होती, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढे वर्षभर मिळून ५६ गीतं झाली. सासूबाईंचा जन्मही त्याच सालचा. पुढे १९७३ साली यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते खुद्द ग. दि. माडगूळकर. अठरा वर्षांच्या सासूबाई वडिलांचं बोट सोडून गर्दीतून पुढे घुसल्या आणि त्यांना लांबून पाहून आल्या. ही गोष्ट आमच्या घरात वर्षातून चार वेळा तरी होते! शिवाय त्या माहेरी पेटी शिकलेल्या. गांधर्व महाविद्यालयाची 'मध्यमा' दिलेली. लग्नानंतर पेटी भजनी मंडळापुरती उरली, पण कान मात्र तयारच राहिला.

तर त्या दिवशी गाणं लावलं. सासूबाई दोन मिनिटं ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "काहून वं बाई, बाबूजी विहिरीत उतरून गाऊन राहिले का?"

आम्ही सगळे हसलो.

आठ दिवसांनी किशोरी आमोणकरांचा भूप लावला होता. तेव्हा म्हणाल्या, "गाणारी थांबली की तंबोरा अंगावर येते. असं नव्हतं आधी." कूलर घरघरत होता, मला पोळ्यांची घाई होती. मी म्हटलं, "आई, कूलरचा आवाज असेल." मग त्यांनी बोलणं सोडलं. आणि हळूहळू गाणं ऐकणंही सोडलं. दुपारी नुसत्या कॉटवर पडून राहायच्या. मी गाणं लावू का विचारलं, तर "राहू दे" म्हणायच्या.

'राहू दे' हा शब्द फार वाईट असतो बरं का. बायकांच्या तोंडी तर फारच.

ह्यांनी निदान केलं, "आईचे कान गेले. यंत्र लावावं लागेल." गावातल्या एका दुकानदाराने सांगितलं, "स्पीकर जुने झाले, चार-पाच हजारांचे नवे घ्या." म्हणजे कोणाच्या मते कान बिघडले, कोणाच्या मते स्पीकर. खर्च दोन्हीकडे.

डॉक्टरांचा एक साधा प्रश्न

आम्ही यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाली. डाव्या कानाने उजव्यापेक्षा कमी ऐकू येतं आणि वयाप्रमाणे अगदी बारीक, उंच आवाज थोडे कमी झाले आहेत, असं निघालं. यंत्राची घाई नाही, वर्षाने पुन्हा दाखवा, म्हणाले. मग मी विहिरीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी सासूबाईंनाच विचारलं, "आजी, आम्ही बोलतो तेही घुमतं का?"

"नाही. तुमचं बोलणं साफ येते. गाणंच घुमते."

"मग घुमणं कानात नाही. गाणं ज्याच्यातून येतं, ते पाहा."

एस.टी.त परत येताना मी खिडकीबाहेर बघत बसले होते. एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. मी शाळेत मुलांना 'कारणे द्या' शिकवते आणि घरात कारण न शोधताच निकाल देऊन मोकळी झाले होते!

आधी दोष कुठे आहे ते शोधा

घरी आल्यावर कूलर बंद केला (उन्हाळ्यात आपल्याकडे ही पहिली पायरी!) आणि तीन गोष्टी केल्या. तुम्हीही याच क्रमाने करा. खर्च शून्य.

पहिली: तेच गाणं मोबाइलवर लावलं. आवाज लहान आला, पण विहीर नव्हती. म्हणजे गाणं चांगलं होतं.

दुसरी: कॉम्प्युटरला स्पीकरऐवजी साधा वायरचा हेडफोन लावला. विहीर होतीच! म्हणजे स्पीकर निर्दोष.

तिसरी: मोबाइल वायरने त्याच स्पीकरना जोडला. गाणं स्वच्छ, मोकळं. म्हणजे दोष राहिला फक्त एका जागी, कॉम्प्युटरच्या आत.

वीस मिनिटांत चार-पाच हजार वाचले, आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं ते वेगळंच.

कॉम्प्युटर गाण्याला मसाला लावतो

आता आत पाहायचं होतं. मी काही यातली जाणकार नाही. बी.ए. मराठी आहे! पण मिक्सरचं झाकण उघडून पाहणारी बाई कॉम्प्युटरच्या सेटिंग्जला का घाबरेल? तिथे काही बिघडत नाही. खूण केली तशी काढता येते. फक्त बदलायच्या आधी काय होतं ते वहीत लिहून ठेवा.

आमचा कॉम्प्युटर जुना, विंडोज १० वरचा. (त्याची अधिकृत मदत ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, पण कितीतरी घरांत तो चालू आहे.) पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असतं. त्यावर माउसचं उजवं बटण दाबलं, 'साऊंड्स' निवडलं, 'प्लेबॅक'मध्ये आपल्या स्पीकरचं नाव निवडून 'प्रॉपर्टीज' उघडलं. तिथे 'एन्हान्समेंट्स' नावाचं एक पान निघालं. एन्हान्समेंट म्हणजे सुधारणा, वाढ. आणि त्या पानावर दोन खुणा केलेल्या होत्या.

पहिली खूण होती 'एन्व्हायर्न्मेंट'वर. तिच्यापुढे यादी उघडली आणि मी बघतच राहिले. गाणं कुठे चालू आहे असं भासवायचं, त्याची ती यादी. बाथरूम, दगडी खोली, सभागृह, गुहा, एवढंच काय, पाण्याखाली आणि सांडपाण्याचा पाइपसुद्धा! आमच्याकडे सभागृह निवडलेलं होतं. दिवाळीच्या सुटीत पुतण्या आला होता. लढाईचे खेळ खेळताना 'भारी' वाटावं म्हणून त्याने ते लावलं आणि तसंच ठेवून गेला. पोराची चूक नाही. खेळाला ते शोभतही असेल. पण तेव्हापासून आमच्या घरात जो कोणी गात होता, तो त्या खोट्या सभागृहात उभा राहून गात होता. मूळ ध्वनिमुद्रणात जेवढी घुमार गायकाने आणि तंत्रज्ञाने ठेवली, तिच्यावर ही दुसरी. सासूबाईंची 'विहीर' ती हीच.

दुसरी खूण 'लाउडनेस इक्वलायझेशन'वर. ही काय करते? हळू आवाज वर उचलते, मोठा आवाज खाली दाबते, सगळं एका पातळीला आणते. रात्री मुलं झोपल्यावर सिनेमा पाहायचा असेल, तर ती फार उपयोगी. कुजबुज ऐकू येते आणि बंदुकीच्या आवाजाने कोणी दचकत नाही. पण आपलं गाणं? ख्यालात गाणारी व्यक्ती स्वर हळूच लावते, मग फुलवते, मग मोकळा सोडते. ते लहान-मोठं होणं हाच तर गाण्याचा जीव. ही खूण केली, की गायिका श्वास घ्यायला थांबते, तेव्हा यंत्राला वाटतं 'आवाज कमी झाला, उचला!' आणि ते मागचा तंबोरा वर ओढतं. पुन्हा गाणं सुरू झालं की तंबोरा खाली. सासूबाई नेमकं हेच सांगत होत्या, 'गाणारी थांबली की तंबोरा अंगावर येते.' कुठल्या इंजिनिअरनेही यापेक्षा नेमकं सांगितलं नसतं.

मी 'डिसेबल ऑल एन्हान्समेंट्स'वर खूण केली आणि सगळा मसाला एकदम निघाला.

तुमच्याकडे विंडोज ११ असेल तर रस्ता थोडा वेगळा. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'साऊंड'. मग आपल्या स्पीकरच्या नावावर टिचकी मारा. त्या पानावर 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' दिसेल, ते 'ऑफ' करा. तिथेच 'स्पेशियल साऊंड' असतं, म्हणजे आवाज चारी बाजूंनी येतोय असं भासवणारं. गाण्यासाठी तेही बंद. बऱ्याच लॅपटॉपांत कंपनीने आवाजाचा स्वतःचा वेगळा कार्यक्रमही घातलेला असतो. त्यात 'म्युझिक', 'मूव्ही', 'गेम' अशी बटणं असतात. तोही एकदा बंद करून ऐका. आपण विंडोजमध्ये बंद करायचं आणि त्याने मागच्या दाराने चालूच ठेवायचं, असं होऊ नये.

काही लॅपटॉपांचे स्पीकर इतके बारके असतात, की कंपनीने त्यांना सांभाळून घेण्यासाठीच काही सुधारणा घातलेल्या असतात. त्या बंद केल्यावर आवाज उलट पत्र्यासारखा वाटला, तर खुशाल पुन्हा सुरू करा. बाहेरचे स्पीकर किंवा हेडफोन असेल, तर मात्र बंदच बरं.

शाळेच्या तासानंतर आवाज का दबतो?

हा अनुभव माझा. ऑनलाइन तास किंवा मीटिंग सुरू असली, की गाणं एकदम बारीक होतं. कधी कधी मीटिंगचा कार्यक्रम मागे उघडाच राहतो आणि आपण स्पीकर फिरवत बसतो. विंडोजला एक सवय आहे. कॉल चालू आहे असं दिसलं, की ते बाकीचे आवाज ८० टक्के कमी करतं. हेतू चांगला, पण आपल्याला माहीत तर हवा! कंट्रोल पॅनेलमधलं 'साऊंड' उघडा, त्यात 'कम्युनिकेशन्स' पान आहे. तिथे 'डू नथिंग' निवडा. म्हणजे 'तू काही करू नकोस, मी बघते.'

बिनवायरचे हेडफोन वापरत असाल, तर आणखी एक गंमत. ब्लूटूथच्या हेडफोनची दोन रूपं असतात. एक गाणं ऐकण्याचं, ते स्टिरिओ. दुसरं बोलण्याचं, ते 'हँड्स-फ्री'. हेडफोनचा माइक वापरात आला, की तो दुसरं रूप घेतो आणि गाणं टेलिफोनवरून ऐकल्यासारखं होतं, पातळ, एकेरी. विंडोज १० मध्ये तर यादीत एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात. गाण्यासाठी 'स्टिरिओ' असलेलं नाव निवडा आणि मीटिंगचा कार्यक्रम पूर्ण बंद करा. नवा हेडफोन खराब निघाला म्हणून परत करायच्या आधी एवढं नक्की पाहा.

दूध उतू जाऊ देऊ नका

कॉम्प्युटरमध्ये आवाज वाढवायच्या जागा एक नाही, तीन असतात. गाण्याच्या कार्यक्रमाची पट्टी, विंडोजची पट्टी, आणि स्पीकरची गोल कळ. आपण काय करतो? कुठलीही हाताला लागेल ती वाढवतो. बरोबर रीत अशी, की पहिल्या दोन जवळजवळ पूर्ण ठेवाव्यात आणि कमी-जास्त स्पीकरच्या कळीने करावं. उलट केलं, म्हणजे आतून बारीक आणि बाहेरून पूर्ण, तर गाण्याबरोबर स्पीकरची खरखरही वाढून येते. हेडफोनला मात्र बाहेरची कळ नसते. तिथे आधी आवाज खाली घ्या, मगच कानाला लावा.

आणि इक्वलायझर! त्या उभ्या पट्ट्या मुलांना फार आवडतात. ढोल वाढव, झांज वाढव, सगळं वाढव. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॉम्प्युटरमधल्या आवाजाला एक काठ असतो, पातेल्यासारखा. आजकालची गाणी मुळात काठोकाठ भरलेली असतात. त्यात खर्ज आणखी उचलला, की आवाज काठावरून ओसंडतो आणि फाटतो. दूध उतू जातं तसंच. म्हणून इक्वलायझर वापरायचाच, तर वाढवण्यापेक्षा कमी करा. गाणाऱ्याचा आवाज दबलेला वाटतो? मग आवाज उचलू नका, खर्ज थोडा उतरवा. आवाज आपोआप पुढे येतो. भाजीत मीठ जास्त झालं, की आपण तिखट घालून ते झाकत नाही ना?

खर्ज फार घुमत असेल, तर स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून जरा बाहेर काढा. कोपऱ्यात खर्ज फुगतो. आमचा डबा मी कोपऱ्यातून हातभर पुढे ओढला. झाडायलाही सोपं झालं!

पायली आणि किलो

आता थोडं आकड्यांचं. घाबरू नका, एकदाच वाचा.

कॉम्प्युटर आवाज साठवतो म्हणजे आवाजाच्या लहरीची एका सेकंदात हजारो मापं घेतो. १९८२ साली सीडी बाजारात आली, तिच्यासाठी सेकंदाला ४४,१०० मापं ठरली. इतकी का? माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा बारीक आवाज ऐकतो आणि तो नीट टिपायला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं लागतात. सिनेमा आणि व्हिडिओच्या कामात पुढे ४८,००० हे माप रूढ झालं.

कॉम्प्युटर मात्र एका वेळी सगळे आवाज एकाच मापात ओततो. गाणं ४४,१०० चं आणि कॉम्प्युटर ४८,००० वर लावलेला, तर त्याला हिशेब करून नवी मापं काढावी लागतात. पायलीने मोजलेली ज्वारी किलोत सांगायची तसं. हिशेब होतो, पण अपूर्णांक येतात. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' पान आहे, तिथे 'डीफॉल्ट फॉरमॅट' असतो. आपल्या सीडींवरून उतरवलेली गाणी जास्त ऐकत असाल तर ४४,१०० ठेवा. व्हिडिओ जास्त पाहत असाल तर ४८,०००. यादीत १,९२,००० सुद्धा दिसेल. मोठा आकडा म्हणून भुलू नका. पेल्यातलं दूध पातेल्यात ओतलं म्हणून ते वाढत नाही.

खरं सांगू? हा फरक फारच थोडा असतो. आजचे कॉम्प्युटर हा हिशेब चांगला करतात. आमच्या घरी याची परीक्षाच झाली, ती पुढे सांगते.

ताकाचं दूध होत नाही

सेटिंग कितीही नीट केलं, तरी गाणंच हलकं असेल तर काय होणार? एमपी३ मध्ये गाणं लहान करताना कानाला सहज कळणार नाही असा भाग गाळला जातो. थोडा गाळला तर कळत नाही. फार गाळला तर झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजतात. गाण्याच्या माहितीत 'बिट रेट' लिहिलेला असतो. १२८ च्या खाली असेल तर गाळ जास्त, ३२० असेल तर उत्तम. पण १२८ चं गाणं घेऊन कोणी ३२० करून दिलं, तर फसू नका. ताक झालं ते झालं, त्याचं पुन्हा दूध होत नाही. इंटरनेटवरून गाणी ऐकत असाल, तर त्या कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ क्वालिटी' शोधा. डेटा वाचवण्यासाठी ती बहुधा खाली ठेवलेली असते. घरी वाय-फाय असेल तर वर करा.

आणि सतत 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला, तर दोष विजेच्या जोडणीचा. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पण कोणी सांगितलं तरी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही काढू नका. वायरमनला बोलावून घरचं अर्थिंग तपासून घ्या. गाण्यापेक्षा जीव मोठा.

परीक्षा अशी घ्या

बदल केला की 'वा, सुधारलं!' असं वाटतंच. आपणच केलेला बदल ना! म्हणून ज्याने बदल केला त्याने निकाल देऊ नये. आम्ही असं केलं. सासूबाईंना पाठमोरं बसवलं. त्यांच्या ओळखीचं एकच गाणं, तोच तुकडा. आवाज दोन्ही वेळा सारखाच ठेवला, कारण जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं. दुकानात स्पीकर विकताना हीच युक्ती चालते. एका वेळी एकच बदल. मी कधी खूण करायची, कधी काढायची, कधी नुसतंच माउस वाजवायची. मुलगी वहीत लिहायची.

सभागृहाची खूण: सहा वेळा विचारलं, सहाही वेळा बरोबर. तंबोऱ्याची खूण: सहापैकी सहा. ४४,१०० की ४८,०००: तिथे मात्र त्यांनी हात टेकले. "मले काही फरक नाही वाटत," म्हणाल्या. तीन बरोबर, तीन चूक. म्हणजे नुसता अंदाज.

या एका दुपारीने मला दोन गोष्टी कळल्या. ज्या आकड्यांवरून माणसं वाद घालतात, त्यांनी आमच्या घरी फरक पडला नाही. आणि ज्या दोन साध्या खुणांकडे कोणी पाहिलं नव्हतं, त्यांनी एका बाईचं गाणं बंद पाडलं होतं.

शेवटी एक खूण ठेवली

सगळा मसाला काढून झाल्यावर एक खूण मात्र मी मुद्दाम केली. सासूबाईंचा डावा कान थोडा कमी आहे, हे तपासणीत निघालं होतं ना? दुपारी घरातले झोपले असताना त्या हेडफोन लावतात. त्यांच्या आवडीची जुनी गाणी बहुतेक एकपदरी, म्हणजे 'मोनो'; दोन्ही कानांत सारखीच. पण नंतरच्या स्टिरिओ गाण्यांत कधी बासरी एका बाजूला, सतार दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते. डाव्या बाजूची बासरी त्यांना हरवायची. विंडोजमध्ये 'मोनो ऑडिओ' अशी सोय आहे. विंडोज ११ मध्ये ती साऊंडच्या पानावरच दिसते, विंडोज १० मध्ये 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस'मधल्या 'ऑडिओ'त. ती सुरू केली, की दोन्ही बाजूंचं सगळं दोन्ही कानांत येतं. आता बासरी त्यांच्या चांगल्या कानातही पोचते.

जाणकार म्हणतील, स्टिरिओचा मोनो करणं म्हणजे गाणं बिघडवणं. असेल. माझ्या कानासाठी ते बिघडवणंच आहे, म्हणून मी ऐकताना ती खूण काढते. पण सेटिंग मशिनसाठी नसतं, ऐकणाऱ्यासाठी असतं. पुतण्याला सभागृह हवं, मला काही नको, आणि आईंना मोनो. आता वहीत तिघांची तीन पानं आहेत. पुतण्या आला की खुशाल गुहेत खेळू दे. जाताना 'डिसेबल' करून जायचं, एवढी ताकीद.

तुमच्याही घरात कोणी म्हणत असेल, 'आवाज पहिल्यासारखा नाही गं', तर हसण्यावारी नेऊ नका. कान जरूर तपासा, ते आवश्यकच आहे. पण यंत्रही तपासा. आणि नवं विकत आणण्याआधी, जुन्यात कोणी काय घालून ठेवलं आहे ते काढून पाहा.

त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी पुन्हा गीतरामायण लावलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. हात थांबला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आले बापा, वर आले एकदाचे!" आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

पेटी माळ्यावर होती. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याकडून ती खाली काढून घेतली आहे. भाता थोडा गळतो. पण त्याला सेटिंग नाही, तो दुरुस्तच करावा लागेल!